घरगुती पाळणाघरातील खेळाची खोली: शांत, तरीही मुलांना ओढून घेणारी

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. डोंबिवलीत भाड्याच्या सदनिकेत आपण पाळणाघर चालवता. दीड ते पाच वर्षांची सात मुले सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपल्याकडे असतात आणि त्यांना खेळण्यासाठी सुमारे दहा बाय पंधरा फुटांचा हॉल आहे. खेळणी भरपूर आहेत, भिंतींवर कार्टूनची चित्रे आणि बाराखडीचे तक्ते आहेत. तरीही अकरा वाजेपर्यंत सगळे जमिनीवर ओतलेले असते, मुले दारापासून गॅलरीपर्यंत धावत सुटतात, एकमेकांच्या हातातले ओढतात आणि शेवटी नाइलाजाने टीव्ही लावावा लागतो. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत आणि खर्चाची तयारीही बेताचीच आहे. अशा परिस्थितीत खोली शांत आणि तरीही मुलांना हवीशी वाटेल अशी कशी करावी, हा आपला प्रश्न आहे.

मीही पुण्यात स्वतःच्या घरी अनेक वर्षे पाळणाघर चालवते आहे, आणि माझे मत स्पष्ट आहे: मुलांची गडबड कमी करण्याचा प्रयत्न थेट मुलांवर करू नये, तो खोलीवर करावा. त्यासाठी नवीन काहीही विकत घेण्याआधी एक छोटे काम करा. दोन दिवस स्वयंपाकघराच्या दाराशी एक कागद ठेवा आणि आपण मुलांना ज्या ज्या वेळी "नको" म्हणाल ती ती जागा त्यावर टिपून ठेवा. "टीव्हीच्या टेबलावर चढू नकोस", "आत येऊ नकोस, गॅस चालू आहे", "त्याचे घेऊ नकोस", "ओतू नकोस", "पळू नकोस" अशी पाचसहा वाक्येच पुन्हापुन्हा, त्याच त्याच जागी येत असल्याचे दिसेल. यांतील प्रत्येक वाक्य ही मांडणीविरुद्धची तक्रार आहे असे समजा. जी वस्तू हाताळायची नाही ती हाताच्या उंचीवर का आहे, जिथे जायचे नाही तिथली वाट मोकळी का आहे आणि जिथे पळायचे नाही तिथे पळण्याजोगी सरळ पट्टी का आहे, या प्रश्नांची उत्तरे मिळत गेली की निम्मे काम झाले.

त्यानंतर मुले नसताना हॉलमध्ये चार ठिकाणी जमिनीवर मांडी घालून बसा आणि प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटे फक्त बघा. उभ्याने नीटनेटकी वाटणारी खोली बसल्यावर फार वेगळी दिसते. रॅकचे वरचे तीन कप्पे, म्हणजे जिथे आपण उत्तम खेळणी सुरक्षित म्हणून ठेवतो ते, मुलाला खालून केवळ रंगीत खोक्यांची कड म्हणून दिसतात. टेबलाखालच्या वायरी मात्र स्वच्छ दिसतात. दीड वर्षाचे मूल या खोलीत आल्यावर त्याला काय दिसते, त्याने काय करावे असे खोली त्याला सुचवते, हे कळायला याहून सोपा उपाय नाही.

आता धावण्याकडे वळू. आपल्या वर्णनावरून हॉलचे दार एका आखूड भिंतीत आणि गॅलरी समोरच्या आखूड भिंतीत आहे, म्हणजे मध्ये पंधरा फुटांची सरळ वाट आहे. कोणतेही निरोगी मूल अशी वाट दिसली की धावणारच. त्यात त्याचा हट्टीपणा नाही. बहुतेक घरांत हॉल "मोठा दिसावा" म्हणून सगळे सामान भिंतींना चिकटवलेले असते आणि मधला भाग रिकामा असतो. ही मांडणी पाहुण्यांसाठी योग्य आणि मुलांसाठी अगदी उलट. सामान भिंतीपासून सोडवा. गुडघ्याएवढ्या उंचीचे एक कपाट किंवा आडवी केलेली रॅक लांब भिंतीला काटकोनात, खोलीच्या साधारण मध्यावर उभी करा. दुसऱ्या बाजूने थोडे पुढे सोफ्याची पाठ किंवा दोन लोड येऊ द्या. वाट नागमोडी झाली की धावणे आपोआप चालणे होते आणि शिवाय खोलीचे तीन-चार कोपरे तयार होतात. हे अडथळे दोन-सव्वादोन फुटांपेक्षा उंच नसावेत, कारण आपल्याला स्वयंपाकघराच्या दारातून सगळी मुले दिसली पाहिजेत. मुलाला मात्र खाली बसल्यावर आपल्याभोवती आडोसा आहे असे वाटते. सात मुले एका मोठ्या मोकळ्या चौकोनात बसली की प्रत्येकाचे लक्ष इतर सहा जणांकडे जाते. तीच मुले दोन-दोन, तीन-तीन अशी आडोशाला बसली की खेळ लांबतो.

रॅक आडवी करण्याचा सल्ला आपल्या घरमालकाच्या अटीमुळेही देते आहे. उंच रॅक भिंतीला पट्टीने पक्की केल्याशिवाय लहान मुलांच्या खोलीत ठेवूच नये. मुले कप्प्यांवर पाय देऊन चढतात आणि रॅक त्यांच्यावर कोसळू शकते. खिळा ठोकता येत नसेल तर उंच रॅक बाहेर काढा किंवा आडवी करा, तिसरा मार्ग नाही. आडव्या रॅकच्या खाली रबराचे तुकडे घाला आणि जड वस्तू सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा.

कोपरे कोणते असावेत याची ठरलेली यादी देण्याचे मी टाळते, परंतु जागा ठरवण्याचे दोन नियम सांगते. पहिला नियम असा की दार, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधली येण्याजाण्याची वाट आधी खडूने आखून घ्यावी आणि त्या वाटेवर कोणताही खेळ मांडू नये. ठोकळ्यांचा मनोरा वाटेवर असेल तर तो दिवसातून दहा वेळा पडेल आणि दहा भांडणे होतील. दुसरा नियम असा की आवाजाचे खेळ एकत्र आणि शांत खेळ दूर ठेवावेत. ठोकळे आणि गाड्या शेजारी शेजारी चालतात, किंबहुना एकमेकांत मिसळतात, आणि भातुकलीही त्यांच्याजवळ राहू शकते. पुस्तके आणि चित्रे मात्र विरुद्ध टोकाला, शक्यतो खिडकीच्या उजेडात असावीत. रंगकाम आणि कणकेचा खेळ स्वयंपाकघराच्या दारालगत, पुसता येणाऱ्या फरशीवर ठेवावा, म्हणजे हात धुवायला नेताना सबंध खोली रंगत नाही.

खेळण्यांच्या संख्येविषयी बहुतेक ताईंचा माझ्याशी मतभेद होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठातील संशोधकांनी 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 18 ते 30 महिन्यांच्या 36 मुलांना एका वेळी 4 खेळणी आणि दुसऱ्या वेळी 16 खेळणी देऊन खेळू दिले. चार खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच खेळण्याचे अधिक प्रकारचे उपयोग त्यांनी करून पाहिले. तिथे मूल एकटे होते आणि आपल्याकडे सात आहेत, म्हणून तो आकडा जसाच्या तसा घेता येणार नाही. परंतु दिशा तीच आहे. सात मुलांसाठी एका वेळी रॅकवर बारा ते पंधरा खेळ पुरेसे होतात. यात ठोकळ्यांची एक टोपली हा एक खेळ, भातुकलीचा संच हा एक खेळ, असे धरावे. उरलेली खेळणी झाकणाच्या डब्यांत भरून माळ्यावर किंवा दिवाणाच्या पोटात जाऊ द्या आणि दर आठ-दहा दिवसांनी त्यांतली तीन-चार बदला. सगळी एकदम बदलू नयेत, कारण लहान मुलांना सकाळी आल्यावर कालची ओळखीची वस्तू कालच्याच जागी सापडणे हाच मोठा दिलासा असतो. आणि ज्या खेळण्यात एखादे मूल सध्या पूर्ण बुडालेले आहे ते आठवडा संपला म्हणून काढून घेऊ नये; वेळापत्रक आपल्या सोयीसाठी आहे.

एका मोठ्या टोपलीत किंवा टबात सगळी खेळणी टाकण्याची पद्धत मात्र आजच बंद करा. टबात तळाशी काय आहे ते मुलाला दिसत नाही, म्हणून ते टब ओतते. आपण त्याला पसारा म्हणतो, त्याच्या दृष्टीने तो शोध असतो. प्रत्येक खेळ वेगळ्या उथळ परडीत, ताटात किंवा मिठाईच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात, झाकण न लावता ठेवा आणि दोन परड्यांमध्ये वीतभर जागा सोडा. परडीवर आणि तिच्या कप्प्यावर एकच चित्र चिकटवा, म्हणजे न वाचता येणाऱ्या मुलालाही ती कुठे परत ठेवायची ते कळते. आपल्या मोबाइलवर त्या खेळण्याचा फोटो काढून छापून घेतला तर उत्तम. बाजारातल्या चित्रातली गाडी आणि आपल्या परडीतली गाडी एकच आहेत हे दीड वर्षाच्या मुलाला सहज जुळवता येईलच असे नाही. परडी इतकीच भरावी की मुलाला ती दोन हातांनी उचलता येईल. आवरणे हे शिस्तीचे काम आहे असे आपण मानतो, परंतु बहुतेक वेळा मुले आवरत नाहीत याचे कारण परडी जड असते किंवा तिची जागा ठरलेली नसते, एवढेच असते.

खोली मुलांना बोलावते ती अशा मांडणीने, आणि त्यातली माझी सर्वांत आवडती युक्ती म्हणजे खेळ अर्धवट मांडून ठेवणे. मुले येण्यापूर्वी मी दोन-तीन ठिकाणी काहीतरी सुरू करून सोडून देते: भातुकलीच्या तव्यावर कापडाची एक पोळी, शेजारी पोळपाटावर दुसरी, बाहुली गादीवर, पण पांघरूण पायाशी घडी घातलेले, दोन ठोकळे उभे, त्यांवर आडवा एक आणि पुढे रस्ता अर्ध्यावर थांबलेला. साडेतीन वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे रोज सकाळी आईच्या ओढणीला घट्ट धरून दारातच उभा राहत असे. एके दिवशी त्याची नजर त्या थांबलेल्या रस्त्यावर गेली. एका पायात चप्पल तशीच ठेवून तो आत आला, उकिडवा बसला आणि शेजारच्या ढिगातून एक ठोकळा उचलून रस्त्याला जोडू लागला. ठोकळा आखूड होता, फट राहिली. त्याने तो काढला, लांब ठोकळा घेतला, तो पुढे जास्त गेला, मग पुलाचा खांबच बोटाने हळूच पुढे सरकवला. आईने "येते रे" म्हटले तेव्हा त्याने मान न वळवता फक्त हात हलवला. सकाळी सोडण्याच्या वेळेची रडारड दारात समजूत घालून जेवढी कमी होते त्यापेक्षा दारातून दिसणाऱ्या अशा एका अपुऱ्या कामाने जास्त कमी होते, असा माझा अनुभव आहे. मात्र ही मांडणी दारातून दिसली पाहिजे आणि ती मोडली तर आपल्याला वाईट वाटता कामा नये. तासभर खपून सजवलेली, फोटो काढण्याजोगी मांडणी मुलांच्या काही उपयोगाची नसते, कारण तिच्यात त्यांनी करायचे असे काहीच उरलेले नसते.

हिसकाहिसकीचा विषय वयाशी जोडलेला आहे. दोन-अडीच वर्षांपर्यंतची मुले बहुधा एकमेकांसोबत खेळण्याऐवजी एकमेकांशेजारी खेळतात आणि शेजाऱ्याच्या हातातली वस्तू हीच त्यांना सर्वांत आकर्षक वाटते. त्यांना "वाटून घ्या" असे शिकवत बसण्यापेक्षा आवडत्या वस्तू दोन ठेवाव्यात: ओढायच्या गाड्या दोन, बाहुल्या दोन, पाण्याचे मग दोन, आणि शक्यतो एकाच रंगाचे. निरनिराळ्या दहा वस्तूंपेक्षा सारख्या पाच जोड्या या वयाला जास्त उपयोगी पडतात. मोठ्या मुलांची अडचण वेगळी आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाने चित्राचे तुकडे जुळवत आणावेत आणि दीड वर्षाच्याने त्यातला एक तोंडात घालून पळून जावे, हा प्रसंग आपल्याकडेही रोज होत असेल. अशा वेळी लहानाला कुंपणात ठेवण्याची पद्धत आहे; मी त्याच्या उलट करते. कुंपणात मोठे बसतात. दिवाण असेल तर दिवाणावर, नाही तर जेवणाच्या टेबलाशी किंवा सोफ्यामागच्या बंद कोपऱ्यात मोठ्यांची जागा ठेवा आणि बारीक तुकड्यांचे खेळ फक्त तिथेच, तेही उंचावरच्या डब्यातून काढून द्या. मोठ्या मुलांना त्यात मान वाटतो आणि लहानाला सबंध जमीन मोकळी मिळते.

एक कोपरा असा हवा की जिथे एका वेळी एकच, फार तर दोन मुले मावतील. टेबलावर जुनी सुती साडी टाकून केलेले घर, किंवा धुलाई यंत्राच्या मोठ्या खोक्याला एक दार आणि एक खिडकी कापून केलेली गुहा. आत गोधडी, एक उशी, दोन-तीन पुस्तके. दहा तास सात जणांच्या घोळक्यात राहणाऱ्या मुलाला मध्येच कोणी न दिसण्याची गरज असते, आणि ती भागली नाही की ते चावते किंवा ढकलते. या कोपऱ्यात शिक्षा म्हणून कोणाला कधीही पाठवू नये, नाही तर त्याचा उपयोग संपला. त्याची पुढची बाजू उघडीच ठेवा, तिच्यावर पडदा सोडू नका, आपली नजर आत पोहोचली पाहिजे.

हे सर्व करूनही मुलांना अंगाने दमणे आवश्यक आहे. सकाळी दहाच्या सुमारास सोसायटीच्या आवारात अर्धा-पाऊण तास नेता आले तर खोलीतली निम्मी धावपळ बाहेरच संपते. पावसाळ्यात ते जमत नाही, तेव्हा दोन गाद्या एकमेकींवर टाकून चढउतार, जड उशा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला ढकलणे, बादलीभर धुतलेले छोटे कपडे ताईंबरोबर पिळणे, अशी जोर लागणारी कामे द्यावीत. जोर लावून झाल्यावर मुले जशी निवांत बसतात तशी नाचून झाल्यावर बसत नाहीत.

पाणी, कणीक, रवा यांचे खेळ पसाऱ्याच्या भीतीने टाळले जातात, परंतु चिडचिडलेले मूल शांत करण्यात त्यांचा हात कोणत्याही विकतच्या खेळण्याला धरता येणार नाही. परातीत दोन इंच पाणी, दोन वाट्या, एक गाळणी, खाली जुना टॉवेल, आणि आपण शेजारी बसलेल्या. खेळ झाला की पाणी लगेच ओतून टाकायचे, कारण लहान मूल थोड्या पाण्यातही बुडू शकते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, चिमूटभर हळद आणि लागेल तसे पाणी घालून मळलेला गोळा फ्रिजमध्ये काही दिवस टिकतो. त्यात मीठ खूप असल्याने तो खाऊ देऊ नये. डाळी, वाटाणे, शेंगदाणे मात्र तीन वर्षांखालील मुलांच्या खेळात नकोत, ते नाकात आणि श्वासनलिकेत जातात.

महागडे साहित्य नसले तर आपले पाळणाघर कमी दर्जाचे, असा समज मनातून काढा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्या शिंपले, बिया, पाने, दगड, माती अशा आसपासच्या वस्तूंवरच. माँटेसरींच्या पद्धतीतला गाभा त्यांनी घेतला आणि परदेशी साहित्याचा खर्च वगळला. आपल्या घरातले छोटे पोळपाट-लाटणे, जुना खलबत्ता, स्टीलच्या एकात एक बसणाऱ्या वाट्या, झाकणे असलेल्या बरण्या, कपड्यांचे चिमटे, यांतून मुले जे करतात ते बटण दाबले की गाणे म्हणणाऱ्या खेळण्यातून करत नाहीत.

आता भिंती आणि आवाज. भिंतींवरची चित्रे आपण मुलांसाठी लावतो, पण त्यांचा परिणाम बहुधा उलटा होतो. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 2014 सालच्या प्रयोगात बालवर्गातील 24 मुलांना काही धडे भरगच्च सजवलेल्या खोलीत आणि काही कोऱ्या भिंतींच्या खोलीत शिकवले. सजवलेल्या खोलीत त्यांचे लक्ष जास्त वेळ विचलित झाले आणि शिकणेही कमी झाले. आपल्या हॉलमधील तीन भिंती पूर्ण मोकळ्या करा आणि चौथीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, त्यांनी स्वतः काढलेली चार-पाच चित्रे कागदी चिकटपट्टीने लावा. आवाजाचे मूळ फरशीत आणि काँक्रीटच्या भिंतींत असते. गुळगुळीत टाइल्सवर स्टीलची वाटी पडली की तिचा नाद सबंध खोलीत घुमतो, मुले त्यावर आवाज चढवतात आणि त्यांच्यावर आपण चढवतो. ठोकळ्यांखाली जाड सतरंजी, भातुकलीखाली गोधडी, खिडकीला जाड सुती पडदा, खुर्च्यांच्या पायांना कापडी गोळे, एवढ्याने घुमणे बरेच कमी होते. आणि आपण खोलीच्या पलीकडून हाक मारण्याऐवजी उठून मुलाजवळ जाऊन बोला. पंधरा फुटांच्या खोलीत हे कष्टाचे नाही.

टीव्हीबद्दल आपण "नुसता मागे चालू असतो" असे लिहिले आहे, तेव्हा हेही सांगायला हवे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांच्या 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक ते तीन वर्षांच्या 50 मुलांना खेळू दिले आणि काही वेळ मागे मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम चालू ठेवला. मुलांनी पडद्याकडे क्वचितच पाहिले, तरीही त्यांचा एकेक खेळ आखूड झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशींनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक नको. तो तास मुले घरी बहुधा वापरतातच. दिवसभर टीव्हीवर चादर टाका. संध्याकाळी सहाच्या सुमारास, जेव्हा सगळ्यांचाच धीर सुटत आलेला असतो आणि टीव्हीकडे हात जातो, त्या वेळेसाठी खेळण्यांचा एक डबा वेगळा राखून ठेवा आणि तो एरवी उघडू नका.

सुरक्षेच्या बाबतीत सर्वसाधारण गोष्टी आपण पाळत असालच, म्हणून जे हमखास राहून जाते तेवढेच लिहिते. डासांच्या द्रावणाचे यंत्र खालच्या प्लगला लावलेले असते, ते हलवा. रिमोट आणि गाणारी खेळणी यांतील चपटे गोल सेल मुलाने गिळले तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते, म्हणून ज्यांचे झाकण स्क्रूने बंद होत नाही अशा वस्तू खोलीतून बाहेर जाऊ द्या; सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता रुग्णालय गाठा. तीन वर्षांखालील मुलांची खेळणी घशात अडकण्याएवढी लहान आहेत का, याची चाचणी 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याने होते. मी सावधगिरी म्हणून सुमारे चार सेंटीमीटरची पुठ्ठ्याची नळी वापरते आणि तिच्यातून जे आत जाते ते मोठ्यांच्या डब्यात टाकते. गॅलरीच्या आणि खिडकीच्या जाळीजवळ चढता येईल असे स्टूल, कुंडी किंवा खोके नको. शोभेची झाडेही तपासा, डिफेनबाकियाचे पान चावले तर तोंड सुजते आणि कण्हेर तर विषारीच आहे. नवी खेळणी घेताना आयएसआय चिन्ह पाहा. 1 जानेवारी 2021 पासून भारतात ते सक्तीचे आहे, नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेच्या वस्तूंना मात्र त्यातून सूट आहे. जुनी रॅक रंगवणार असाल तर डब्यावर शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) कमी असल्याचा उल्लेख आहे का ते वाचून घ्या.

स्वच्छतेसाठी आठवड्याचा एक दिवस ठरवा, आणि तोंडात जाणारी खेळणी रोज संध्याकाळी साबणाच्या पाण्यात धुवा. पावसाळ्यात हात-पाय-तोंडाचा आजार पाळणाघरात पसरतो, आणि त्याच्या विषाणूवर अल्कोहोलचे सॅनिटायझर नीट चालत नाही. हात साबणानेच धुवावेत आणि प्लास्टिकची खेळणी सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्याने पुसून दहा मिनिटांनी साध्या पाण्याने धुवावीत. 5 टक्क्यांचे द्रावण असेल तर 1 लिटर पाण्यात 20 मिलिलिटर पुरते, आणि त्यात शौचालयाचे ॲसिड कधीही मिसळू नये. जोडून बसवायच्या फोमच्या चटया जूनपासून ऑगस्टपर्यंत आठवड्यातून दोनदा उचला, खाली ओल धरते आणि बुरशी येते. म्हणूनच मला झटकून वाळवता येणारी सतरंजी बरी वाटते.

दुपारची झोप याच खोलीत होत असेल तर जेवणाआधी मुलांबरोबर परड्या जागेवर ठेवा आणि रॅकवरून एक चादर सोडा. उघडी खेळणी दिसत असताना झोप येत नाही, झाकली की विषय मिटतो. उठल्यावर चादर मोठ्या मुलांनीच काढावी.

क्रम म्हणाल तर पहिल्या शनिवारी फक्त सामान हलवा आणि निम्मी खेळणी माळ्यावर टाका. यात एक रुपयाही लागत नाही. पुढच्या आठवड्यात परड्या आणि चित्रे, त्यानंतर गुहेचा कोपरा, आणि पैसे खर्च करायचेच असतील तर ते जाड सतरंजीवर आणि लाकडी ठोकळ्यांच्या एका चांगल्या मोठ्या संचावर करा. सुरुवातीचे काही दिवस मुले जास्तच ओततील आणि नेहमीची खेळणी मागतील, त्या वेळी डबे परत खाली आणू नका. पंधरा दिवसांनंतरही एखादा कोपरा रिकामा राहत असेल तर तिथली वस्तू बदलण्याआधी तिथला उजेड आणि तिथली वर्दळ बघा, बहुधा दोष जागेचा निघतो.

पालकांचा प्रश्न उरतो. मोकळ्या भिंती आणि थोडीच खेळणी पाहून एखादे आजोबा "इथे काही शिकवत नाहीत का?" असे विचारतीलच. त्यांना सविस्तर समजावण्याची तयारी ठेवा, हवे तर एक दिवस तासभर आत बसून बघायला सांगा. आणि बाराखडीचे तक्ते काढून टाकणे अगदीच जड जात असेल तर ते मुख्य दाराच्या आतल्या बाजूला, मोठ्या माणसांच्या नजरेला येतील एवढ्या उंचीवर लावा. मुलांना त्यांचा त्रास होत नाही आणि मुलाला न्यायला येणाऱ्यांचे समाधान होते.